तिसऱ्या तोंडाचं तळं

आर्नाशेदर, लुईस बेट, स्कॉटलंड
११ मे १९६७

प्रिय टॉरमॉड,

तुझं पत्र मिळालं. मेंढ्यांच्या खुरांबद्दल तू दोन पानं लिहिलीस आणि स्वतःच्या गुडघ्याबद्दल एक ओळ, त्यावरून गुडघा बरा नाही हे मी ओळखलं. पातागोनियात म्हणे डॉक्टर असतात. एखाद्याला दाखव.

माझं ठीक आहे. मी जेवते, झोपते, माळावर जळणाचं पीट कापायला जाते. कुणी विचारलं तर हेच सांगते आणि ते खरंच आहे. अंगसला जाऊन गेल्या महिन्यात वर्ष झालं. त्या दिवशी शेजारची डोलीना मटणाचं सूप घेऊन आली आणि आम्ही दोघी बसून हवेबद्दल बोललो. आज तरी रडू येईल म्हणून मी सकाळपासून वाट बघत होते. आलं नाही. मला काही वाटत नाही, टॉरमॉड. बराच वेळ दुमडून बसल्यावर पाय जसा दुसऱ्या कुणाचा वाटायला लागतो, तसं माझं सगळं झालंय. त्याचा त्रासही होत नाही.

आता कामाचं लिहिते. नकाशा कचेरीने आमच्याकडे एक तरुण धाडलाय. नाव रूअरी, राहणारा स्काय बेटाचा, म्हणजे भाषा आपलीच पण सगळं नाकातून. माळावरच्या तळ्यांची आणि ओढ्यांची नावं लिहून न्यायला आलाय. मागच्या नकाशात अर्ध्या पाण्यांना नावंच नाहीत आणि उरलेली चुकलीत, कारण तेव्हाच्या साहेबांनी पुरुषांना विचारलं होतं. समुद्रातला खडक पुरुषाला विचारावा आणि माळ बाईला, एवढं तरी कळायला हवं होतं त्यांना. उन्हाळाभर गुरं घेऊन तिथल्या खोपटात राहायचो आम्ही पोरी. पुरुष यायचे ते लोणी न्यायला. तू आमच्यात होतास तो मिसरूड फुटेपर्यंत, म्हणून तुला नावं येतात. नाहीतर तूही त्यांच्यासारखाच ढ राहिला असतास.

त्याचा एक नियम आहे. गावातल्या तीन माणसांनी एकच नाव सांगितलं, तर ते नकाशावर चढतं. तो त्याला तीन तोंडं म्हणतो. आमच्या माळाची जुनी तोंडं आता सगळी मातीत गेली. एक मी राहिलेय, म्हणून तो रोज माझ्या शेगडीपाशी येऊन बसतो आणि माझी ओटची भाकरी खातो. पण खुर्चीत बसून मला नावं येत नाहीत, तुला ठाऊक आहे. पुलापासून निघावं लागतं. एक ओढा ओलांडला की पुढचा आठवतो. म्हणून मी डोळे मिटते आणि मनातल्या मनात पुलापासून चालायला लागते. पहिलं तळं येतं आणि मी थांबते. त्याच्या पुढे पाऊल पडत नाही.

ते घोंगड्यांचं तळं. आम्ही पोरी तिथे घोंगडी तुडवून धुवायचो. अंगसची होडी तिथेच उलटली हे मी तुला गेल्या वर्षी लिहिलं होतं. सगळ्या जगाचे समुद्र बघून आला पोरगा, आणि सुट्टीत मासे मारायला गेला तो त्या तळ्यावर, ज्याच्या पलीकडच्या काठाशी नुसत्या हाकेने बोलता येतं.

तेव्हापासून गाव त्याला अंगसचं तळं म्हणायला लागलं. कुणी ठरवलं नाही, तोंडात बसलं. डोलीनाने रूअरीला तेच नाव सांगितलं. गोऱ्या डॉनल्डने तेच सांगितलं. दोन तोंडं झाली. तिसरं माझं. मी हो म्हटलं तर ते छापलं जाईल आणि मग कायमचं. मी घोंगड्यांचं म्हटलं तर घोंगड्यांचंच राहील, कारण आईच्या पुढे जाऊन गावात कुणी बोलणार नाही. रूअरी म्हणाला, "घाई नाही, बाई. कागद नोव्हेंबरात जाईल." पोरगा चांगला आहे.

त्या तळ्याचं बघू पुढे. पण त्याच्या पलीकडच्या माळाचं काय? तिथलं आता फक्त तुला आणि मला येतं, आणि तिसरं तोंड उरलंच नसेल तिथे कचेरी दोनांवर भागवते. तेव्हा तू माझ्यासाठी चाल. त्या तळ्यापासून निघ आणि आपल्या खोपटापर्यंत जा, आणि वाटेत लागेल ते सगळं लिहून पाठव. मला तिथे जायचं नाही.

तुझी बहीण,
कर्स्टी


सान्ता क्रूस, पातागोनिया
९ जून १९६७

प्रिय कर्स्टी,

इथे बर्फ पडलंय आणि मी घरात अडकलोय, तेव्हा तुझं काम अगदी वेळेवर आलं. एल्बा म्हणते, गेले दोन दिवस हा माझा म्हातारा नवरा टेबलापाशी डोळे मिटून पाय हलवत बसलाय, ह्याला वेड लागलं. मी तिला सांगितलं, बाई, मी माळावर आहे, मध्ये बोलू नकोस. ती गप्प बसली. एरवी ती कधी गप्प बसत नाही.

तर मी निघालो. घोंगड्यांचं तळं मी उजव्या हाताला ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं नाही. तिथून चढ. चढावर म्हाताऱ्या बाईची पाठ, जिथे दगडावर बसून आई दम खायची. मग काळा ओढा. पुरात तो ओलांडताना तुझा बूट वाहून गेला आणि तू घरापर्यंत मला शिव्या दिल्यास. काळ्या ओढ्यानंतर डाव्या हाताला दोन जुळी तळी, बदकाचं आणि बदकिणीचं. पुढे मर्डोचं तळं, लांबट, वाऱ्याने नेहमी उठलेलं. मर्डोच्या तळ्यातून निघतो तो वेडा ओढा, कारण तो आधी उलटीकडे जातो. मग कुत्र्यांचा ओढा. त्याचं पाणी इतकं गार की दात ठणकतात. काठावरच्या काटेरी झुडपांत मी पालथा पडून पाणी प्यायचो आणि कुत्री माझ्या शेजारी. मग हिरवी खिंड, आणि खिंड उतरलं की आपलं खोपट आणि त्याच्या दारातलं दुधाचं तळं.

सगळं लख्ख दिसलं. चाळीस वर्षं झाली तरी एक दगड हललेला नाही. मलाच माझं कौतुक वाटलं. स्कायच्या पोराला सांग, पातागोनियातून एक तोंड हजर आहे, वाहून गेलेल्या बुटासकट.

अंगसबद्दल काय लिहावं मला कळत नाही, म्हणून लिहीत नाही. एल्बा दर महिन्याला त्याच्यासाठी मेणबत्ती लावते. ती कॅथलिक आहे, तू मनावर घेऊ नकोस आणि धर्मगुरूंना सांगू नकोस. मी तिला थांबवत नाही. मेणबत्ती संपेपर्यंत मी पण तिथेच बसतो, म्हणजे शेगडी तिथेच आहे म्हणून.

गुडघा तसाच आहे.

तुझा भाऊ,
टॉरमॉड


आर्नाशेदर
२० जुलै १९६७

प्रिय टॉरमॉड,

तुझं चालणं मी रूअरीला वाचून दाखवलं. त्याने सगळं उतरवून घेतलं, खुश झाला, तुझ्या नावाने दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीवर सामान टाकून तो माळावर गेला, प्रत्येक पाणी कागदावर जागच्या जागी बसवायला.

संध्याकाळी परत आला तो गुडघ्यापर्यंत चिखल आणि तोंडभर चिलटांचे चावे. माझ्याशी बोलायला कचरत होता. मी म्हटलं, "बोल बाबा, मी काही काचेची नाही." तेव्हा म्हणाला, "बाई, सगळं मिळालं. कुत्र्यांचा ओढा मिळत नाही. वेड्या ओढ्यापासून हिरव्या खिंडीपर्यंत मी दोनदा आलो-गेलो. मध्ये पाण्याची धार सुद्धा नाही."

त्या वेळी गोरा डॉनल्ड बसला होता. त्याने पत्राचा तो भाग पुन्हा वाचायला लावला. "काटेरी झुडपं," तो म्हणाला. "आपल्या माळावर? अरे, गुडघ्याएवढं तरी काही उगवतं का तिथे? हा माणूस गेला तेव्हा ओढा बरोबर घेऊन गेला." आणि हसला. मग डोलीना हसली. रूअरी बिचारा हसू की नको असा बघत होता.

मीही हसायला हवं होतं. मला आधी कळलंच नाही, हेच मला लागलं. मी तुझं पत्र किती वेळा वाचलं असेल, आणि काटेरी झुडपं दर वेळी माझ्या डोळ्यांपुढून गेली, आणि मी म्हटलं, असतील. मी मनाने तळ्याच्या पुढे गेलेच नव्हते, टॉरमॉड. तू चाललास आणि मी नुसती मान डोलावली.

आता रूअरीला इतर नावांचाही भरवसा वाटेना. तो ते सरळ बोलला नाही. म्हणाला, "एखादं चुकलं तर बाकीच्यांकडेही पुन्हा बघावं लागतं, कचेरीची रीत आहे." म्हणजे कुणीतरी त्याच्याबरोबर जाऊन बोट दाखवावं. कुणीतरी म्हणजे मी. नाहीतर तो सगळा माळ कोरा छापला जाईल.

तू नीट आठव. कुत्र्यांचा ओढा कुठे आहे?

कर्स्टी


सान्ता क्रूस
१४ ऑगस्ट १९६७

प्रिय कर्स्टी,

कुत्र्यांचा ओढा माझ्या मेंढवाड्याच्या मागे आहे.

तुझं पत्र वाचलं आणि मी उठून बाहेर गेलो. तो तिथेच होता, अर्धा गोठलेला. काठावर कालाफातेची झुडपं, काटेच काटे. इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात त्याला नाव नव्हतं. मी एकटा होतो, कुत्री होती, आणि नाव नसलेल्या ओढ्याचं पाणी पिणं मला बरं वाटेना. म्हणून मी त्याला आपल्या भाषेत नाव ठेवलं. माझ्याखेरीज ते कुणाला माहीत नाही. एल्बा त्याला नुसता ओढा म्हणते.

आणि तो आपला आपण उठून माझ्या डोक्यातल्या माळावर जाऊन बसला. इतका बेमालूम की मी त्याचं पाणी प्यायलो, दात ठणकले, आणि तरी मला कळलं नाही. मी रागावलो नाही, मला वाईटही वाटलं नाही. मी तिथे उभा राहिलो आणि एवढंच वाटलं, हां, म्हणजे तो माळ आता माझ्याकडे नाही. म्हाताऱ्याच्या तोंडातला एक दात गेला तर बाकीच्यांचीही खात्री देता येत नाही, तेव्हा रूअरीचं बरोबर आहे. बदकाचं आणि बदकिणीचं तळं तरी तिथे आहे का? की तीही मी इथेच कुठे पाहिली? मर्डोचं तळं आहे ना? ते असावं असं मला वाटतं. मी शपथ घेणार नाही.

डॉनल्डला सांग, ओढा मीच आणला, आणि परत पाठवणार नाही.

आता माझं ऐक. तू जाऊ नकोस. राहू दे माळ कोरा. नकाशा बघणारा कोण आहे तिथे? खोपटं पडली, गुरं गेली, पोरी ग्लासगोला गेल्या. कुणाला लागणार आहे काळा ओढा? एखादा इंग्रज मासे मारायला येईल तो. त्याच्यासाठी तू ते तळं ओलांडायची गरज नाही.

आणि तिसऱ्या तोंडाबद्दल तू मला विचारलं नाहीस, तरी सांगतो. नाही म्हण. ज्या पाण्याने पोराला गिळलं त्यालाच त्याचं नाव द्यायचं? हे म्हणजे कुत्र्याने मेंढरू मारावं आणि आपण मेंढराचा पट्टा त्याच्या गळ्यात बांधावा. ते घोंगड्यांचं होतं, घोंगड्यांचंच राहू दे. तू तिथे हसलीस, ओली झालीस, आईचा मार खाल्लास. ते आपलं तळं आहे. त्याला अंगसचं म्हटलंस की आपलंही गेलं आणि अंगसही आला नाही.

मोठा भाऊ म्हणून सांगतोय. तू ऐकणार नाहीस, तेही ठाऊक आहे.

टॉरमॉड


आर्नाशेदर
२२ सप्टेंबर १९६७

प्रिय टॉरमॉड,

मी गेले.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ठरवलं होतं की जायचं नाही. मग शुक्रवारी फिरत्या दुकानाची गाडी आली. मी पाठीमागून गेले, कुणी बघितलं नाही. डोलीना गाडीवाल्याला सांगत होती, "अंगसच्या तळ्यापाशी माझी मेंढी रुतली, दोघांना ओढून काढावी लागली." मग मी दिसले. ती बोलायची थांबली. गाडीवाला थांबला. रांगेतल्या बायका आपापल्या पिशव्यांत बघायला लागल्या. मी साबण मागितला. साबण देताना त्याचा आवाज धर्मगुरूंसारखा झाला.

वर्षभर हे चाललंय, आणि मला ते आता दिसलं. मी नसते तेव्हा माझ्या पोराचं नाव गावात रोज घेतलं जातं, मेंढ्यांबरोबर, पीटबरोबर, हवेबरोबर. मी आले की ते संपतं. गावात फक्त एका घरात अंगसचं नाव निघत नाही, आणि ते घर माझं. मला राग आला नाही. मी साबण घेऊन घरी आले आणि रूअरीला म्हटलं, "सोमवारी निघू. बूट चांगले घाल."

डोलीना पुलापर्यंत आली. तिने माझ्या हातात भाकरी आणि चीजचं पुडकं दिलं. मी पुलावरून निघाले.

तळं अर्ध्या तासात आलं. मी सांगते तुला काय झालं. काही झालं नाही. पाणी होतं, वारा होता. त्याला मातीत नेऊन ठेवलं तेव्हा रीतीप्रमाणे आम्ही बायका दारातच थांबलो. पुरुषांनी खांदे बदलत शवपेटी नेली आणि वळणावर ती दिसेनाशी झाली. त्याची कबर मी पाहिलेली नाही. पाहण्याची रीतच नाही. मला वाटलं होतं की निदान इथे मला काहीतरी होईल. मी काठावर उभी राहिले आणि पाय ओले होतायत एवढंच कळलं. रूअरीने टोपी काढली. त्याने नाव विचारलं नाही. मी म्हटलं, "चल पुढे."

आणि मग नावं आली. बदकाचं आणि बदकिणीचं तळं जागेवर आहे, तू घाबरू नकोस. म्हाताऱ्या बाईच्या पाठीवर मी बसले आणि तिथून खाली मला तुझ्या पत्रात नसलेले दोन ओढे दिसले. बेरीज विसरलेल्या माणसाला अचानक हिशेब यावा तशी मी बोलत सुटले. रूअरीला लिहायला जमेना. "हळू, बाई, हळू." मी म्हटलं, "स्कायच्या माणसा, ओढे थांबत नाहीत, मी कशी थांबू?" तो हसला. मला वाटतं मीही हसले.

मर्डोच्या तळ्यापाशी आम्ही जेवायला बसलो. तुझं बरोबर आहे, लांबट, वाऱ्याने उठलेलं. तिथे रूअरीने त्याच्या सवयीने विचारलं, "मर्डो कोण होता?"

मला माहीत नव्हतं. टॉरमॉड, मी लहानपणापासून त्या तळ्याचं नाव घेतेय. गाय मर्डोकडे गेली, मर्डोवर धुकं आलंय, मर्डोपाशी भेटू. आईने घेतलं, आजीने घेतलं. मर्डो कोण, हे मी कधी विचारलं नाही. रूअरी म्हणाला, "बहुतेक बुडाला असेल. माळावरच्या तळ्यांना माणसांची नावं पडतात ती बहुतेक अशीच." सहज म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं तो काय बोलला, आणि त्याने चीजमध्ये तोंड घातलं.

मी त्या पाण्याकडे बघत बसले. मर्डोलाही आई असेल. ती या माळावर राहत असेल, नाहीतर तिचा पोरगा इथे कशाला आला असता? लोकांनी त्याचं नाव पहिल्यांदा घेतलं तेव्हा तीही दारात उभी असेल आणि लोक गप्प झाले असतील.

संध्याकाळी खोपटापर्यंत गेलो. छप्पर नाही. भिंती आहेत. मी परत येताना तळं पुन्हा लागलं, आणि रूअरीने तेव्हाही विचारलं नाही.

मर्डो कोण होता, तुला ठाऊक आहे का?

कर्स्टी


सान्ता क्रूस
२० ऑक्टोबर १९६७

प्रिय कर्स्टी,

मेंढ्या विताहेत, म्हणून थोडक्यात लिहितो. हात धुवायलाही वेळ नाही, कागदावर डाग दिसले तर नाक मुरडू नकोस.

मर्डो कोण होता मला माहीत नाही. आजोबांनाही माहीत नव्हतं, मी एकदा विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले, "तळं मर्डोचं आहे, आणखी काय हवंय तुला?" एकदा माझी एक मेंढी त्या तळ्यात गेली. मी संध्याकाळभर कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मर्डोला शिव्या घातल्या. त्याला, त्याच्या बापाला, त्याच्या सात पिढ्यांना. मग घरी आलो, बटाटे आणि खारवलेली हेरिंग मासळी खाल्ली आणि छान झोपलो. तो कुणाचा तरी बुडालेला पोरगा असेल हे माझ्या मनात कधी आलं नाही. आज आलं. आज मला त्याचं वाईट वाटलं, आणि हसूही आलं.

तू गेलीस हे वाचून एल्बा रडली. मी तिला म्हटलं, ज्यांनी रडायचं ते रडत नाहीत आणि तू कशाला? ती म्हणाली, म्हणूनच.

नाही म्हण, असं मी तुला लिहिलं होतं. आता मी काहीच म्हणत नाही. ज्याच्या डोक्यात ओढे जागा बदलतात त्याने तळ्यांबद्दल सल्ले देऊ नयेत.

टॉरमॉड


आर्नाशेदर
१८ नोव्हेंबर १९६७

प्रिय टॉरमॉड,

रूअरी मंगळवारी आला, कागद घेऊन. स्वच्छ काढलेला माळ, सगळे ओढे, सगळी तळी आपापल्या जागी, आणि वेड्या ओढ्याचं वळण हुबेहूब. त्याने तो टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर माझे कप ठेवले. पुलाच्या वरच्या बाजूला एक तळं, आत कोरं. गोरा डॉनल्ड आणि डोलीनाही आले होते. मीच बोलावलं होतं.

डोलीना आधी बोलली. "कर्स्टी, मी त्याला ते नाव सांगितलं तेव्हा माझ्या मनात वाईट नव्हतं. तुला नको असेल तर मी माझं तोंड मागे घेते." डॉनल्ड म्हणाला, "मीही. घोंगड्यांचं लिही, पोरा. आम्ही म्हातारी माणसं, काय बोलतो आमचं आम्हाला कळत नाही." रूअरी पेन्सिल धरून खाली बघत होता.

तुझं शेवटचं पत्र माझ्या खिशात होतं. मला तू त्या पाण्यात उभा दिसत होतास, मर्डोला शिव्या देताना, आणि मग हेरिंग खाताना. मर्डोच्या आईने ते ऐकलं असतं तर तिला काय वाटलं असतं, याचा मी बरेच दिवस विचार केला. मला वाटतं, तिला बरं वाटलं असतं. तिच्या पोराचं नाव कुणीतरी पोटातून घेतलं, रागाने घेतलं, आणि घेताना आवाज खाली आणला नाही.

मला तेच हवंय. अंगसची आठवण राहावी म्हणून नाही. आठवण माझ्याबरोबर जाईल, जाऊ दे. आठवण ठेवणाऱ्या लोकांनीच माझ्या समोर त्याचं नाव बंद केलंय. कधीतरी एखाद्या पोरीने त्याचं नाव माळावर ओरडून घ्यावं आणि ते ऐकून कुणाचा चेहरा उतरू नये. कोण अंगस, असं तिला कुणी विचारलं तर तिला सांगता येऊ नये. तेव्हा ते संपलेलं असेल.

हे एवढं मी तिथे बोलले नाही. मी म्हटलं, "अंगसचं तळं. लिही." माझ्या तोंडून ते नाव दीड वर्षाने निघालं. आवाज नेहमीसारखाच होता. रूअरीने लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

डॉनल्ड उठून दाराबाहेर गेला आणि बराच वेळ पाइप पेटवत राहिला. डोलीना कप विसळायला लागली, ते धुतलेले होते तरी. मी मात्र काही केलं नाही. तू विचारशील म्हणून सांगते, रडू आलं नाही. अजून नाही.

रूअरी बुधवारच्या बोटीने गेला. त्याला भाकऱ्या बांधून दिल्या.

आणखी एक, मग पत्र संपवते. काल दुपारी डोलीनाच्या गोठ्याची कडी निघाली आणि तिची तांबडी गाय शेपटी वर करून सुटली. डोलीना कोंबड्यांमागे होती, तिला पत्ता नाही. मी दारातून बघितलं आणि जोरात ओरडले, "डोलीना, अगं तुझी गाय अंगसच्या तळ्याकडे गेली."

तिने वर बघितलं. क्षणभर मला वाटलं, आता ती थांबणार. मग ती म्हणाली, "मरू दे मेलीला," आणि घागरा वर धरून चिखलातून धावत सुटली.

मी आत आले आणि बटाटे सोलायला बसले. आणि मग, टॉरमॉड, बटाटे नीट दिसेनात.

तुझी बहीण,
कर्स्टी